साहेब, आधी ही वजाबाकी बघा: शिक्षकांची प्रशिक्षणं आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शिक्षकांची प्रशिक्षणं आखणारे, घटकसंच (म्हणजे प्रशिक्षणाच्या पुस्तिका) लिहिणारे, पीपीटी बनवणारे आणि शेवटी अहवाल वर पाठवणारे सगळे साहेब आणि मॅडम

विषय: पाच दिवसांच्या प्रशिक्षणाचं सहाव्या दिवशी काय होतं त्याबाबत

संदर्भ: १९ वर्षांच्या नोकरीत केलेली प्रशिक्षणं. नेमकी किती ते आता आठवत नाही, प्रमाणपत्रांची फाईल मात्र चांगली जाड झालीये.

महोदय, महोदया,

बावन्न वजा सत्तावीस. तिसरीतल्या एका पोरीने केलं, उत्तर आलं पस्तीस. खाली एकाहत्तर वजा अठ्ठावीस, उत्तर सत्तावन्न. त्याच्याखाली त्र्याऐंशी वजा एकोणचाळीस, उत्तर छप्पन्न. तिन्ही चूक. अशा वहीवर मी कित्येक वर्षं तीन लाल फुल्या मारून सही केलेली आहे आणि "हातचा विसरू नको गं, परत पाच वेळा कर" असं सांगितलेलं आहे आणि पोरीने पाच वेळा करून पाचही वेळा पस्तीसच आणलेले आहेत, आणि मग मी मनात म्हटलंय की हिचं लक्षच नसतं.

तिचं लक्ष होतं हो. ती हातचा विसरत नव्हतीच. तिचा एक पक्का नियम होता, वर असो की खाली असो, मोठ्यातून लहान काढायचा. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, झाले पस्तीस. तिच्या हिशोबाने ती बरोबरच होती, आणि असल्या पोराला जितका सराव द्याल तितका तो चुकीचा नियम पक्का होत जातो.

हे मला बीएड-डीएडमध्ये कोणी सांगितलं नाही. एका प्रशिक्षणात कळलं, आणि ते सुद्धा लाईट गेली म्हणून. म्हणजे झालं असं की तिसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात प्रोजेक्टर बंद पडला, जनरेटर नव्हता, आणि सुलभक म्हणून, म्हणजे आम्हाला शिकवायला, आलेले सर शेजारच्या तालुक्यातले आमच्यासारखेच प्राथमिक शिक्षक होते, त्यांनी पिशवीतनं झेरॉक्स काढल्या. पोरांच्या वह्यांची पानं, नावं झाकलेली. म्हणाले, चुका दुरुस्त करू नका, फक्त एवढं सांगा की ही मुलगी चौसष्ट वजा अडतीसचं उत्तर काय देईल. पाच मिनिटं कुजबुज झाली आणि मग सगळा हॉल एका आवाजात म्हणाला, चौतीस! आणि त्यानंतर जी शांतता पसरली ना, ती मी आजपर्यंत दुसऱ्या कुठल्या प्रशिक्षणात अनुभवली नाही. कारण चुकीचं उत्तर आधीच ओळखता येतंय म्हणजे ती चूक नाहीये, तिच्यामागे काहीतरी विचार आहे, हे साठ माणसांना एकदम लख्ख दिसलं. चाळीस मिनिटं चाललं ते. मग लाईट आली आणि आम्ही परत पीपीटीवर गेलो.

सोमवारी शाळेत जाऊन मी माझ्या तिसरीच्या सतरा वह्या काढल्या. चार पोरं त्याच नियमाची निघाली. त्यातल्या एकीला मी काड्यांचे गठ्ठे दिले, दहा-दहा काड्या रबरबँड लावून बांधलेल्या, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या, म्हटलं यातल्या सत्तावीस मला दे. तिने दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. गठ्ठा हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. शेवटी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, सोडू का?" रबरबँड सोडायची परवानगी मागत होती ती! कारण वर्षभर मीच ओरडत होते ना, काड्या सांडू नका, गठ्ठे सोडू नका, मोजून कपाटात ठेवा. दशक सुटा करता येतो हे पुस्तकात होतं, फळ्यावर होतं, माझ्या तोंडात पण होतं, पण त्या पोरीच्या हातात सोडायची मुभा नव्हती.

आता मुद्द्यावर येते. त्या प्रशिक्षणाच्या शेवटी आमच्याकडून अभिप्रायाचा गुगल फॉर्म भरून घेतला. शेवटी म्हणजे चौथ्याच दिवशी, कारण पाचव्या दिवशी दुपारी बारापर्यंत अहवाल पाठवायचा होता. बैठक व्यवस्था कशी होती, भोजन कसं होतं, सुलभकाची विषयाची तयारी कशी होती, वेळेचं नियोजन कसं होतं, उत्कृष्ट, चांगले, साधारण. मी सगळीकडे उत्कृष्ट केलं. सगळ्यांनी केलं. शेजारच्या मॅडमनी तर माझ्याकडे बघून केलं. त्या चाळीस मिनिटांबद्दल लिहायला फॉर्ममध्ये जागाच नव्हती, आणि उलट ते सत्र वेळापत्रकाबाहेरचं होतं म्हणून त्या सरांनी ते अहवालात लिहिलं पण नसणार. म्हणजे पाच दिवसांत जी एकच गोष्ट वर्गापर्यंत पोचली, तिची कागदावर नोंदच नाही. मग पुढच्या वर्षी ती ठेवायची की काढायची हे तुम्हाला कळणार तरी कसं?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक होते, त्यांनी १९५९ साली प्रशिक्षणाचं मूल्यमापन करायच्या चार पायऱ्या मांडल्या. कंपन्यांच्या ट्रेनिंगसाठी मांडल्या होत्या पण लागू कुठेही होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, प्रशिक्षण आवडलं का, समजलं का, परत गेल्यावर कामात केलं का, आणि केल्यामुळे काही फरक पडला का. हे तुम्हाला माहितीये, तुमच्या घटकसंचातच मी पहिल्यांदा वाचलं, छान रंगीत त्रिकोण काढला होता. गंमत अशी की तो त्रिकोण शिकवणाऱ्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन सुद्धा पहिल्या पायरीवरच उरकलं. दुसऱ्या पायरीसाठी पूर्वचाचणी-उत्तरचाचणी असते म्हणा, पण पेपर तोच असतो आणि उत्तरं हॉलमध्ये मोठ्याने सांगितली जातात, पुढच्या बाकावरून मागच्या बाकापर्यंत. आपण शिक्षक लोक पोरांना कॉपी करू नका सांगतो, स्वतःच्या उत्तरचाचणीत काय करतो ते आपल्यालाच माहिती. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे वर्गात येऊन बघायला, मला १९ वर्षांत एकदाही कोणी आलेलं नाही. शाळाभेटीला येतात. पोषण आहाराची नोंदवही बघतात, शौचालय बघतात, पटसंख्या-उपस्थिती जुळवतात. पण "बाई, मागच्या महिन्यात ते प्रशिक्षण झालं ना, त्यातलं काय करून बघितलंत, दाखवा बरं" असं कोणी म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

तुमची अडचण पण समजते मला, अगदीच समजत नाही असं नाही. निधी येतो उशिरा आणि मार्चअखेर खर्ची टाकायचा असतो म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन शिष्यवृत्ती परीक्षेच्या तोंडावर, प्रशिक्षणं लागतात. माणसं हजारोंनी प्रशिक्षित करायची असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारचं निष्ठा नावाचं शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा देशभरातले सुमारे ४२ लाख शिक्षक आणि शाळाप्रमुख हे उद्दिष्ट होतं. एवढ्या लोकांना एकाच तज्ज्ञाने शिकवणं शक्य नाही, मग साखळी लागते, राज्याचा गट जिल्ह्याला शिकवणार, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला. लहानपणी कानगोष्टी खेळायचो तसं. वर कोणीतरी आठ दिवस चर्चा करून, पोरांबरोबर बसून काहीतरी विचार मांडलेला असतो, दुसऱ्या टप्प्याला त्याची पीपीटी होते, तिसऱ्या टप्प्याला पीपीटी वाचून दाखवली जाते, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर उरतात ती गाणी, पाऊस टाळी आणि चार्ट पेपर. पाऊस टाळीला माझा विरोध नाही, जेवणानंतर झोप उडवायला बरी असते.

पण साखळीच वाईट असंही नाही, आणि हेच मला तुम्हाला मुख्य सांगायचंय. हरियाणात काय झालं ते बघा. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं, ते आणि त्यांचे सहकारी ‘प्रथम’ नावाच्या स्वयंसेवी संस्थेबरोबर बरीच वर्षं एकच प्रश्न घेऊन बसले होते, की पोरांना इयत्तेऐवजी त्यांच्या वाचनाच्या पातळीप्रमाणे गटात बसवून शिकवलं तर ती शिकतात हे तर दिसतंय, मग सरकारी शाळेतल्या शिक्षकांकडून हे का होत नाही. बिहारमध्ये आणि उत्तराखंडमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं, आणि नंतर मोजलं तर पोरांच्या शिकण्यात फरक जवळजवळ शून्य. इथे कोणीही म्हणेल की शिक्षकच काम करत नाहीत. पण त्याच बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनीच शिकवलं तेव्हा पोरं पुढे गेली होती! म्हणजे शिक्षकांना येत होतं. शाळा सुरू झाली की ते परत पुस्तक संपवायच्या मागे लागत होते, कारण विचारणा पुस्तकाचीच व्हायची.

मग २०१२-१३ मध्ये हरियाणात त्यांनी काय बदललं तर दोनच गोष्टी, पण मोक्याच्या. एक म्हणजे रोजचा एक तास फक्त यासाठी राखून ठेवला, तिसरी ते पाचवीच्या पोरांना त्या तासाला इयत्ता सोडून पातळीप्रमाणे बसवायचं, बाकी काही नाही. आणि दुसरी म्हणजे शाळांना भेटी देणारे जे गटस्तरावरचे लोक होते, आपल्याकडचे केंद्रप्रमुख समजा, त्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस शाळेत जाऊन त्या पद्धतीने पोरांना शिकवून बघितलं. स्वतः! हातात खडू घेऊन! मग त्यांनी शिक्षकांना शिकवलं, आणि मग तेच भेटी द्यायला गेले. पोरांच्या भाषेत फरक दिसला.

मला हे वाचून त्या झेरॉक्सवाल्या सरांचीच आठवण झाली. त्यांच्या पिशवीत ती पानं होती कारण आदल्या आठवड्यात ते स्वतः वर्गात होते.

याच्या उलटं उदाहरण पण आपल्याच घरात आहे. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा एक गट, आठवतंय ना? तिथल्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे पोरांनी स्वतः करून शिकायच्या पद्धतीने, चांगलं काम उभं राहिलं आणि २२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाचा जीआर आला त्या सुमारास राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून ते बघायला जायला लागल्या. मला तो प्रकार तेव्हाही आवडला होता आणि आजही वाटतं की पीपीटीपेक्षा चालू वर्ग बघणं शंभर पटीने बरं. पण एका दिवसात डोळ्याला काय दिसतं? फरशी दिसते. फरशीवर रंगवलेल्या आकृत्या, अंकांचे चौकोन, शब्दांचे डोंगर. परत आल्यावर आमच्या भागात लोकसहभागातून, काही ठिकाणी शिक्षकांच्या खिशातून, फरश्या रंगल्या. ऑइलपेंट लावून. पोरं त्यावर गोल करून बसली, फोटो निघाले, ग्रुपवर गेले. ती फरशी कशासाठी आहे, पोरगं तिथे अडलं की बाई काय विचारते, काय विचारत नाही, किती वेळ गप्प बसते, हे बघायला तिथे आठ दिवस राहावं लागलं असतं आणि परत आल्यावर कोणीतरी आमच्या वर्गात येऊन बसावं लागलं असतं. आमच्या शाळेतली ती फरशी आता उडाली आहे, नव्वदच्या पुढचे आकडे दिसत नाहीत. त्या वर्षी मी पण उत्साहाने ब्रश हातात घेतला होता, त्यामुळे हसायचा मला काही हक्क नाही.

आता ऑनलाईनचं. इथे मी कबुलीजबाब देते, नाव लिहिणार नाही म्हणून देते. व्हिडिओ लावून मोबाईल उशाशी ठेवून मी भाकऱ्या केलेल्या आहेत. शेवटच्या प्रश्नमंजुषेची उत्तरं ग्रुपवर फिरतात, ती मी पण घेतली आहेत, सत्तर टक्के पडले की प्रमाणपत्र डाऊनलोड. सगळी मोड्यूल वाईट होती असं अजिबात नाही, पायाभूत साक्षरतेचं एक तर मी दोनदा ऐकलं, मनापासून. पण सिस्टिमला दोन्ही सारखंच दिसतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, चांगलंच आहे, डॉक्टरांना असतं तसं आम्हालाही असावं. पण तुम्ही जर तासच मोजणार असाल तर आम्ही तासच देणार ना. आणि १२ वर्षांच्या नोकरीनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनंतरची निवड श्रेणी प्रशिक्षणाला जोडलेली आहे, तिथे तर माणूस पगारवाढीसाठी बसलेला असतो, त्याच्याकडून शिकायची अपेक्षा करणं म्हणजे लग्नातल्या पंगतीत बसलेल्याला पाककृती विचारण्यासारखं आहे.

एक गोष्ट हॉलमध्ये बसून दिसत नाही म्हणून सांगते. आमची शाळा दोन शिक्षकी. पट ४१. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळे नियमात आहे सगळं. मी पाच दिवस प्रशिक्षणाला गेले की सर एकटे चार वर्ग सांभाळतात, त्यात पोषण आहार, त्यात एखादी लिंक त्याच दिवशी दोन वाजेपर्यंत भरायची असतेच. म्हणजे माझ्या पाच दिवसांची किंमत माझ्या भत्त्यात नाही धरायची, ४१ पोरांच्या पाच दिवसांत धरायची. एवढं महागडं काम आहे हे, ते बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामाच्या, मिटिंगसारखं उरकू नका.

मग काय करायचं म्हणाल तर मला जे सुचतं ते मोठं नाहीये. पाच दिवस सलग घेऊ नका. दोन दिवस घ्या, एकच गोष्ट घ्या, नुसती हातच्याची वजाबाकी घ्या ना, दोन दिवस तीच! मग आम्हाला तीन आठवडे वर्गात सोडा. तीन आठवड्यांनी एक दिवस परत बोलवा आणि येताना पाच वह्या घेऊन या म्हणा, चांगल्या पाच नाही, अडलेल्या पाच. मग उरलेल्या दोन दिवसांचा खर्च ज्याने शिकवलं त्याला आमच्या शाळांवर पाठवण्यासाठी वापरा. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच, त्यात सूचनांचं वाचन थोडं कमी करून हे बसवता येईल, सूचना तशाही आदल्या रात्री ग्रुपवर आलेल्या असतात.

आणि जो शिकवायला उभा राहणार त्याने आधी त्या महिन्यात ते पोरांना शिकवलेलं असलं पाहिजे, याच्यावर मात्र तडजोड नको. पद कुठलंही असो. दहा दिवस नाही जमलं तर चार दिवस. चार दिवसांत सुद्धा पोरं तुमच्या घटकसंचातली किमान तीन पानं निरुपयोगी ठरवतील, आणि ती छापायच्या आधी निघून जातील, कागद वाचेल.

वर्गभेट म्हटलं की आमच्यातलेच बरेच जण बिथरतील हे मला माहितीये. कारण आजवर वर्गात येणारा माणूस शेरेबुक मागतो. त्यामुळे ही भेट तपासणी करू नका, शेरा लिहू नका, फोटो तर अजिबात नको. येऊन मागच्या बाकावर बसा, जमलं तर अर्धा तास तुम्ही शिकवा आणि मी मागे बसते. तुमचं पण फसेल कधी कधी. फसलं की आपण दोघं मधल्या सुट्टीत त्याच्यावर बोलू, ते माझं खरं प्रशिक्षण होईल. आणि तुम्हाला आकडे हवेच असतील, वर द्यावे लागतात हे मान्य, तर वीस शाळा निवडा आणि प्रशिक्षणाआधी आणि तीन महिन्यांनी त्याच पोरांना तीच सहा गणितं द्या. सगळ्या जिल्ह्याचा गुगल फॉर्म नको. वीस शाळांतली खरी माहिती चालेल. शून्य फरक आला तर शून्य लिहा, त्यासाठी कोणाला नोटीस काढू नका, म्हणजे पुढच्या वेळी पण लोक खरं लिहितील.

१९८६ च्या धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आल्या त्या मुळात प्रशिक्षण शिक्षकाच्या जवळ यावं म्हणूनच आल्या होत्या. जवळ म्हणजे जिल्ह्याच्या गावापर्यंत आलं. पुढचे चाळीस किलोमीटर राहिलेत, आमच्याकडे सकाळी साडेआठची एसटी आहे, शाळेच्या फाट्यावर थांबते.

काल परत आदेश आलाय. सोमवारपासून पाच दिवस, तालुक्याच्या ठिकाणी, सकाळी साडेनऊला उपस्थित राहावे, स्वतःचा मोबाईल व चार्जर सोबत आणावा. मी येतेय. पिशवीत तिसरीच्या पाच वह्या टाकल्यात, नावं झाकायला कागद चिकटवलेत. लाईट गेलीच तर मला दहा मिनिटं द्या.

आपली,
एक उपशिक्षिका, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा

ता.क. ती "सोडू का" विचारणारी पोरगी आता सातवीत आहे. मागच्या आठवड्यात भेटली, म्हणाली बाई आता ऋण संख्या चालू आहेत, दोनातून सात जातात म्हणे!